अडीच दिवसांची डोंगरवाट : आधी हिशेब, मग पिशवी

(परिसर अभ्यास विभाग, इयत्ता सातवी)



आपल्या चाळीसगाव तालुक्याच्या दक्षिणेला सातमाळा डोंगर आडवा पसरला आहे. शाळेच्या ओट्यावर उभे राहिले की तो निळा-निळा दिसतो. "दुरून डोंगर साजरे" ही म्हण आपण दुसरीत शिकलो. पण जवळ गेल्यावर डोंगर कसा असतो, हे मला गेल्या वर्षी कळले. म्हणून हा पाठ लिहिते आहे. डोंगरात दोन-तीन दिवस पायी फिरायचे तर तयारी कशी करावी, वहीत काय मांडावे आणि का मांडावे, हे यात आहे.

गेल्या वर्षी काय झाले

गेल्या वर्षी महाशिवरात्रीनंतर आम्ही पाच जण पाटणादेवीला गेलो होतो. आप्पा, मामा, दादा, मी आणि चौथीतला माझा धाकटा भाऊ. तिथून डोंगर चढून पितळखोऱ्याची लेणी बघायची असे ठरले. ठरले म्हणजे काय, तर बोलण्यात ठरले. कागदावर काहीच नव्हते.

पायथ्यापासून निघायलाच साडेदहा वाजले. प्रत्येकाजवळ पाण्याची एकेक बाटली. माझी बाटली तर पहिल्या चढालाच संपली. केळी पिशवीच्या तळाशी ठेवली होती, त्यांचा लगदा झाला. दादाच्या चपलेचा अंगठा तुटला. दुपारी भावाला चक्कर आली, उलटी झाली. बकऱ्या चारणाऱ्या एका बाबांनी त्यांच्या जवळचे पाणी दिले म्हणून बरे. लेणी न बघताच परत फिरलो, आणि नाल्यात अंधाराने गाठले. बॅटरी एकच होती.

इकडे घरी आईला काहीच माहीत नव्हते. फोन लागत नव्हता. रात्री नऊ वाजता सगळी गल्ली ओट्यावर जमली होती. आम्ही घरी आल्यावर आई रागावली नाही. ती नुसती भावाचे पाय चेपत बसली. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "आता डोंगराचं नाव काढायचं नाही."

यंदा शनिवारची सकाळची शाळा, रविवार आणि सोमवारची सुट्टी असे जोडून आले. आम्ही पुन्हा विचारले. आई म्हणाली, "आधी सगळं लिहून दाखवा. मला पटलं तर जा." मग मी आणि दादाने वही घेतली. त्या वहीतले पुढे देत आहे.

१. जागा नीट माहीत करून घ्यावी

नाव माहीत असणे म्हणजे जागा माहीत असणे नव्हे. पाटणादेवीजवळ कण्हेरगड आहे, तसाच एक कण्हेरगड नाशिक जिल्ह्यात कळवण तालुक्यात आहे. म्हणून वहीत गावाबरोबर तालुका लिहावा.

पाटणादेवी चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटर आहे. तेथे चंडिकादेवीचे यादवकाळातले दगडी मंदिर आहे. पाटणचा शिलालेख फार महत्त्वाचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. त्यात असे आहे की थोर गणिती भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्याच ग्रंथातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'. पाटण हेच त्यांचे गाव असे काही अभ्यासक मानतात, सगळ्यांचे त्यावर एकमत नाही. पण त्यांचे गणित आपल्या तालुक्यात शिकवले जात होते, हे दगडावर कोरलेले आहे. 'लीलावती'त मधमाश्यांचा थवा, खांबावरचा मोर, बिळाकडे येणारा साप यांची उदाहरणे आहेत. म्हणजे रानात जे दिसते त्याचेच गणित. मग डोंगरात जाताना आपणही गणित करावे, हे बरोबरच आहे.

पितळखोऱ्याची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. सर्वांत जुनी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातली. दगडात कोरलेली हत्तींची रांग तेथे आहे. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. तेथल्या मित्रदेव नावाच्या, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातल्या माणसाने दान दिल्याचे तेथे कोरले आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने घडवलेली यक्षाची मूर्तीही येथेच सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात येतात. वरच्या अंगाने गाडीरस्ता आहे आणि मग पायऱ्या उतरून जाता येते. आम्हाला मात्र खालून, खानदेशाच्या बाजूने, पायी जायचे होते.

हे सगळे रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. रानात बिबट्या आहे. म्हणून वनविभागाच्या माणसांना आधी विचारणे, नोंद करणे आणि वाटाड्या बरोबर घेणे, या तीन गोष्टी वहीत पहिल्याच पानावर लिहिल्या. मुक्काम रानात करायचा नाही. पायथ्याशी, आधी विचारून ठेवलेल्या छपराखालीच करायचा. रानात चूल पेटवायची नाही.

२. ऋतू कोणता?

उन्हाळा नको. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नाले कोरडे असतात आणि दगड तापतात.

भर पावसाळाही नको. धबधबे बघायला तेव्हाच मजा, हे खरे. पण डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असले तरी नाल्याला लोंढा येतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर व डोंगरी नद्यांच्या पुराचे पाणी चाळीसगावात शिरले. ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नाल्याचे पाणी गढूळ होऊन वाढू लागले की ओलांडायचे नाही, अलीकडेच थांबायचे.

हिवाळा उत्तम. मात्र दिवस लहान असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराच्या कुशीत त्याआधीच अंधारून येते.

३. वेळेचा हिशेब

स्कॉटलंड देशात विल्यम नेस्मिथ नावाचे गिर्यारोहक होते. त्यांनी १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. तो आपल्या मापात असा : सपाटीवर ५ किलोमीटरला १ तास धरावा, आणि चढ असेल तर दर ६०० मीटर उंचीला आणखी १ तास मिळवावा.

उदाहरण : समजा वाट ६ किलोमीटरची आहे आणि चढ ३०० मीटर आहे.
६ किलोमीटरला : ७२ मिनिटे
३०० मीटर चढाला : ३० मिनिटे
एकूण : १०२ मिनिटे

पण हा नियम सवयीच्या मोठ्या माणसांसाठी आहे. मुले बरोबर, पाठीवर ओझे आणि वाट दगडधोंड्यांची, म्हणून आम्ही दीडपट धरली. १०२ ची दीडपट १५३ मिनिटे. तासाला दहा मिनिटे विसावा धरला तर जवळजवळ तीन तास. वाटाड्याला मामाने फोनवर विचारले तेव्हा तोही म्हणाला, "पोरं असतील तर तीन तास धरा." कागदावरचा हिशेब आणि माहीतगाराचे बोलणे जुळले की भरवसा वाटतो. जुळले नाही तर माहीतगाराचे ऐकावे.

४. पाण्याचा हिशेब

चालताना माणशी तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त. जाणे, येणे, विसावा मिळून आठ तास धरले.

एका माणसाला : ८ × अर्धा = ४ लिटर
पाच माणसांना : ५ × ४ = २० लिटर

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे २० किलो नुसते पाणीच! आणि गेल्या वर्षी आम्ही पाच बाटल्या नेल्या होत्या. हे आकडे मांडल्यावर आप्पा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. आजी म्हणाली, "पानी संगे लई जाय भाऊ." गेल्या वर्षीही ती हेच म्हणाली होती, पण आम्ही हसण्यावारी नेले होते.

वाटेत झरा दिसला तरी त्यावर हिशेब ठेवू नये. हिवाळ्यात आटलेला असू शकतो, आणि न उकळलेले पाणी पोटाला बाधते.

५. ओझ्याचा हिशेब

शालेय दप्तराबद्दल देशाचे २०२० सालचे धोरण आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावे, असे त्यात सांगितले आहे. तेच माप आम्ही डोंगराच्या पिशवीला लावले. माझे वजन ३६ किलो, म्हणून माझी मर्यादा ३ किलो ६०० ग्रॅम. भावाचे २४ किलो, त्याची २ किलो ४०० ग्रॅम.

शनिवारी निघतानाची माझी पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर अशी भरली :

रिकामी पिशवी : ५०० ग्रॅम
चादर : १००० ग्रॅम
कपड्यांचा एक जोड : ४०० ग्रॅम
स्वेटर : ४०० ग्रॅम
ताट आणि पेला : ३०० ग्रॅम
शिदोरी : ५०० ग्रॅम
पाणी १ लिटर : १००० ग्रॅम
एकूण : ४ किलो १०० ग्रॅम

अर्धा किलो जास्त! मग स्वेटर अंगात घातला (४०० कमी) आणि ताट काढून नुसता पेला ठेवला (२०० कमी). उरले ३ किलो ५०० ग्रॅम. बसले. भाकरीला ताट कशाला लागते? हातावर घेऊन खाता येते.

रविवारी चढायचे तेव्हा चादरी-कपडे पायथ्याशी ठेवायचे. त्या दिवशी माझ्याकडे ३ लिटर पाणी, भावाकडे २ लिटर, आणि उरलेले १५ लिटर मोठ्या तिघांकडे पाच-पाच. शिदोरी आणि औषधे मोठ्यांच्या पिशवीत.

पिशवी भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर ठेवावी. तळाशी मऊ वस्तू. पाणी हात पोचेल असे. पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यावेत, एका खांद्यावर अडकवू नये. जोडे नवे कोरे घालू नयेत, आठ दिवस आधी घालून वापरावेत. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट येणार आहे.

६. शिदोरी आणि औषधे

आपल्याकडची जुनी माणसे प्रवासाला दशम्या नेत. दुधात मळलेली दशमी मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही खाता येते. आम्ही नेले ते असे : दशम्या, कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे, मुरमुरे. केळी फक्त पहिल्या संध्याकाळपुरती, तीही हातातल्या पिशवीत. खरकटे आणि कागद परत आणायचे, रानात टाकायचे नाहीत.

औषधांच्या डबीत पट्टी, कापूस, जंतुनाशक मलम, शिट्टी, आणि साखर-मिठाची पुडी. उलटी-जुलाब झाले तर जलसंजीवनी करावी : उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. घोटघोट पाजावी. बॅटऱ्या तीन.

साप चावल्यास कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. त्या माणसाला हलू न देता उचलून लवकर सरकारी दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, पण डोंगरात फोन लागेलच असे नाही. कड्यांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळे असतात. तेथे आरडाओरडा, धूर आणि अत्तर नको.

७. आईचा प्रश्न

एवढे सगळे लिहून आम्ही वही आईपुढे ठेवली. मला वाटले, आता ती शाबास म्हणणार. तिने सगळे वाचले, बोटाने एकेक ओळ पाहिली आणि विचारले, "आणि नाही जमलं तर?"

आम्ही गप्प. जायचे कसे ते सगळे लिहिले होते. परत केव्हा फिरायचे ते कुठेच नव्हते.

मग नवे पान घेतले. सकाळी सातला निघायचे. तीन तास म्हणजे दहाला पोचायचे. उशीर झाला तर आणखी दीड तास. म्हणजे साडेअकरा. साडेअकराला जिथे असू तिथून परत. लेणी समोर दिसत असली तरी परत. असे केले तर उतरायला तीन-चार तास लागले तरी उजेड हातात राहतो.

दुसरे, एक चिठ्ठी घरी ठेवायची. त्यात कोण-कोण जाणार, कोणत्या वाटेने, वाटाड्याचा आणि मुक्कामाचा फोन, आणि सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत घरी. पाचला आलो नाही तर आधी कोणाला फोन करायचा, सातला आलो नाही तर कोणाला, तेही लिहिले. आईने ती चिठ्ठी घडी करून देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "जा."

८. प्रत्यक्षात काय झाले

शनिवारी शाळा सुटल्यावर चाळीसगाव गाठले, तेथून जीपने पाटणादेवी. देवळाच्या दगडावरची नक्षी पाहिली. रात्री थंडी कडक होती, एका चादरीत दोघे झोपलो.

रविवारी बरोबर सातला निघालो. पहिला तास छान गेला. साग आणि पळसाचे रान, पायाखाली वाळली पाने. मग भाऊ लंगडू लागला. त्याने आदल्याच दिवशी घेतलेले नवे बूट हट्टाने घातले होते. टाचेला फोड आला होता. पट्टी लावली, बूट काढून माझ्या चपला दिल्या, त्याचे पाणी मामाने घेतले. पण चाल मंदावली ती मंदावलीच.

चढावर एका दगडाशी थांबलो तेव्हा मामाने घड्याळ पाहिले. साडेअकरा. वाटाड्या म्हणाला, "अजून अर्धा-पाऊण तास." दादा म्हणाला, "एवढ्यावर येऊन परत? पाणी आहे, ऊन पण नाही." मलाही पुढेच जायचे होते. खरे सांगते, मला त्या वेळी वहीचा राग आला.

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठीची दुसरी प्रत काढली आणि दादाच्या हातात दिली. दादाने वाचली. त्याने पिशवी पाठीवर घेतली आणि खालच्या दिशेला तोंड केले. भाऊ रडायला लागला, "माझ्यामुळे झालं." तेव्हा मामा म्हणाले, "लेणी दोन हजार वर्षं तिथंच आहेत. ती कुठं पळून जात नाहीत."

उतरताना भाऊ फार हळू चालत होता. पायथ्याशी यायला साडेतीन वाजले. पुढे जाऊन मग परत फिरलो असतो, तर जाण्यायेण्याचा दीड तास, लेणी बघण्याचा एक तास, आणि फोड आलेल्या पायांनी उतरणे. मी वहीत मांडून पाहिले. सहा वाजून गेले असते. म्हणजे पुन्हा तोच नाला आणि पुन्हा तोच अंधार.

पायथ्याशी आलो तेव्हा प्रत्येकाच्या बाटलीत थोडे-थोडे पाणी उरले होते. मला त्याचेच फार बरे वाटले.

सोमवारी भावाला आणि आप्पांना देवळापाशी बसवून आम्ही कण्हेरगडाच्या बाजूची नागार्जुन आणि सीतान्हाणी ही लेणी बघून आलो. दुपारी निघून चारला घरी. आई ओट्यावर धान्य निवडत होती. तिने आमच्याकडे पाहिले, मग घरातल्या घड्याळाकडे पाहिले. देव्हाऱ्यातली चिठ्ठी काढून तिने माझ्या वहीत ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या सुट्टीला लेणी बघून या. मला पण न्या."

आता माणसे सहा झाली. पाण्याचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला आहे.

स्वाध्याय

१. चार माणसे सहा तास चालणार आहेत. तासाला माणशी अर्धा लिटर धरल्यास किती लिटर पाणी न्यावे? त्याचे वजन किती?
२. वाट १० किलोमीटर व चढ ६०० मीटर आहे. नेस्मिथ यांच्या नियमाने किती वेळ लागेल? दीडपट केल्यास किती?
३. तुमचे वजन करा. तुम्ही किती ओझे उचलावे ते काढा. आजच्या दप्तराचे वजन करून दोन्ही आकडे शेजारी लिहा.
४. घरी ठेवायच्या चिठ्ठीचा नमुना तयार करा आणि घरच्यांना दाखवा. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न वहीत लिहा.
५. तुमच्या गावातून दिसणाऱ्या डोंगराचे नाव, तालुका आणि तेथे बारमाही पाणी आहे का, हे आजी-आजोबांना विचारा.